गुठळी विरघळली, पण स्नायू किती वाचला?

हार्ट अटॅकनंतर मंगळवेढ्याच्या आप्पांचा ईएफ ५० आणि माझा ३८. आयसीयूत आमच्या खाटा शेजारीशेजारी, मध्ये फक्त एक हिरवा पडदा. मला दुखायला लागल्यापासून पावणेदोन तासांत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं, आप्पांना सात तासांनी. माझं औषध नवं आणि महाग, त्यांचं जुनं आणि स्वस्त. तरी टूडी एकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, कागदावर त्यांचं हृदय माझ्यापेक्षा जास्त जोर लावत होतं. टॉवेलच्या कारखान्यात कॉस्टिंग बघण्यात माझी सगळी नोकरी झाली. दोन रकाने जुळले नाहीत की मला चैन पडत नाही. हे रकाने जुळवायला काही महिने गेले, आणि त्यात माझ्या पुतणीचं डोकं मी बरंच खाल्लं. ती इथे सोलापुरातच वैशंपायन मेडिकल कॉलेजात मेडिसिनचं एमडी करते.

ईएफ म्हणजे डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती टक्के बाहेर फेकलं जातं तो आकडा. ५५च्या वर असला की ठीक. शंभर कुणाचाच नसतो. माझ्या बायकोला ३८ म्हणजे सरळ नापास वाटलं आणि ती बाहेर बाकड्यावर रडत बसली. रिपोर्ट हातात देणाऱ्याने एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

गड्ड्याचे, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेचे दिवस होते. अक्षता सोहळ्याची पहाट, मुलाची पांढरी बाराबंदी इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेली. पावणेसहाच्या सुमारास मी मोरीकडे निघालो आणि छातीच्या मधोमध दाब सुरू झाला. तो वाढत वाढत डाव्या जबड्यात गेला, मग दोन्ही दंडांत. जानेवारीच्या थंडीत बनियन घामाने भिजलं. त्याआधी छातीत कधीही दुखलेलं नव्हतं, जिना चढताना नाही की कारखान्यात या शेडमधून त्या शेडमध्ये फिरताना नाही. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे तिचा संबंध येतो.

बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, गार पडलाय तुम्ही," म्हणाली आणि मुलाला हलवून उठवलं. आम्ही पूर्व भागात राहतो. मोठ्या रुग्णालयाकडे जायच्या वाटेवर मिरवणुकीसाठी पोलिसांचे अडथळे लागायला सुरुवात झाली होती, म्हणून मुलाने शेजाऱ्यांच्या गाडीतून घराजवळच्याच, आयसीयू असलेल्या एका छोट्या रुग्णालयात नेलं. तिथे आधी ईसीजी काढला आणि नाव-पत्ता नंतर विचारला. रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी व्हावा असा नियमच आहे, हे मला नंतर कळलं.

तिथले डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे असतील. कागदाची पट्टी हातात धरून म्हणाले, "काका, हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी डावी मोठी वाहिनी बंद पडली आहे. लगेच अँजिओप्लास्टी मिळत असेल तर पहिली पसंती तिलाच. थांबा, फोन करतो." दोन ठिकाणी फोन केले. एका ठिकाणी टेबलावर आधीच रुग्ण होता, दुसरीकडची टीम जमायला वेळ लागणार होता. वर रस्त्याचा आणि गर्दीचा वेळ. हिशेब दोन तासांच्या पलीकडे गेला. ईसीजीवर निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत फुगा घालून वाहिनी उघडता येणार नसेल, तर वाट न बघता गुठळी विरघळवायचं औषध द्यायचं, तेही शक्यतो दहा मिनिटांत. त्यांनी तेच ठरवलं.

मग प्रश्नांची सरबत्ती. कधी अर्धांगवायू झाला होता का? मेंदूत रक्तस्राव? अलीकडे ऑपरेशन? डोक्याला मार? शी काळी होते का? रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का? रक्तदाब १६०/९६ निघाला. १८०/११०च्या वर असता तर आधी तो उतरवावा लागला असता. हे औषध हृदयातली गुठळी आणि बाकी शरीरातली गुठळी असा भेद करत नाही, त्यामुळे कुठे जखम भरत आलेली असेल तर तिथूनही रक्त सुटू शकतं. मेंदूत रक्तस्राव होण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास, असं डॉक्टरांनी माझ्या मुलाला स्पष्ट सांगितलं आणि सही घेतली. त्याचा हात थरथरत होता. मला मात्र त्या वेळी शंभरातला एक हा फार किरकोळ आकडा वाटला. छातीत तसं दुखत असलं की माणूस कशावरही सही करतो.

ॲस्पिरिन चावून खायला लावली. क्लोपिडोग्रेलच्या चार गोळ्या घोटभर पाण्याबरोबर दिल्या. "वजन?" कारखान्याच्या तपासणीत ७२ भरलं होतं. गुठळी विरघळवणारं ते औषध म्हणजे टेनेक्टेप्लेस, त्याची मात्रा वजनावर असते. ७० ते ८० किलोच्या मधल्या माणसाला ४० मिलिग्राम. सिस्टरने हातातली नळी आधी सलाइनने धुऊन घेतली, कारण नळीत डेक्स्ट्रोज राहिलं असेल तर हे औषध त्यात साकळतं. मग पाच-दहा सेकंदांत सगळी सिरिंज आत. सोबत रक्त पुन्हा गोठू नये म्हणून हेपॅरिनच्या जातीचं इंजेक्शन, एक शिरेत आणि नंतर पोटाच्या कातडीखाली.

मला वाटलं होतं, औषध गेलं की दुखणं लगेच थांबेल. तसं काही झालं नाही. खरी परीक्षा पुढच्या तास-दीड तासाची असते, आणि ती ईसीजीवरच होते. हार्ट अटॅकमध्ये ईसीजीतली एसटी नावाची रेषा वर उचललेली असते. वाहिनी उघडली की ती खाली यायला लागते. ६० ते ९० मिनिटांत ती निम्म्याहून जास्त उतरली नाही, तर औषध लागू पडलं नाही असं धरतात आणि रुग्णाला तसाच अँजिओप्लास्टीसाठी पळवतात. पाऊण तासाने मॉनिटरवरचे ठोके अचानक रुंद आणि वेगळेच दिसायला लागले. मुलगा ओरडतच बाहेर धावला. डॉक्टर आले, बघितलं आणि म्हणाले, "घाबरू नका. रक्त परत पोहोचलं की असं बऱ्याचदा होतं. आपोआप जाईल." गेलंही. दुखणं दहापैकी नऊवरून दोनवर आलं. दुसऱ्या ईसीजीत पाच मिलिमीटरची रेषा दोनवर आली होती.

"निम्म्याच्या वर उतरली," डॉक्टर म्हणाले. "पण पूर्ण नाही."

त्या "पण पूर्ण नाही"कडे तेव्हा आमच्यापैकी कुणाचंच लक्ष गेलं नाही. रेषा ७० टक्क्यांच्या वर उतरली तर स्नायूपर्यंत रक्त चांगलं पोहोचलं असं समजतात. माझी ६० टक्के उतरली होती. माझ्या ३८चा पहिला धागा इथे होता.

दुपारपर्यंत कार्डिॲक ॲम्ब्युलन्स आली आणि मला मोठ्या रुग्णालयात हलवलं. औषध लागू पडलं असलं तरी अँजिओग्राफी, म्हणजे वाहिनीत रंग सोडून पडद्यावर बघणं, टाळायची नसते, २ ते २४ तासांच्या आत करायची. माझी दुसऱ्या दिवशी सकाळी मनगटातून झाली. पडद्यावर मलाही दिसत होतं. डावी पुढची वाहिनी, जिला तिथे सगळे एलएडी म्हणतात, सुरुवातीच्याच भागात ९० टक्के अरुंद. गुठळी बरीचशी गेलेली, पण जिच्यावर ती बसली होती ती चरबीची गाठ तशीच. इंजेक्शन गुठळीतल्या फायब्रिन नावाच्या धाग्यांची जाळी तोडतं, चरबी वितळवत नाही. रक्त पुढे जात होतं, पण रेंगाळत. डॉक्टरांनी त्याला "टिमी दोन" म्हटलं; शून्य म्हणजे पूर्ण बंद, तीन म्हणजे सुरळीत. स्टेंट बसल्यावर तीन झालं. आता सगळं ठीक असेल असं धरून मी खाटेवर परतलो, आणि संध्याकाळच्या एकोत ३८ निघाला.

आप्पा त्याच दिवशी शेजारच्या खाटेवर आले. मंगळवेढ्याजवळच्या गावात ज्वारीची शेती. पहाटे दोनला दुखायला लागलं, पित्त म्हणून लिंबू-सोडा झाला, गाडी मिळायला वेळ गेला. मुलाने कुणाचं तरी ऐकून छातीदुखीवर देतात ती सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवली आणि आप्पा तिथेच डोळे फिरवून पडले. त्यांचा अटॅक उजव्या वाहिनीचा होता. उजवा कप्पाही सापडला असेल तर ही गोळी रक्तदाब एकदम पाडते. म्हणूनच खालच्या भागाचा अटॅक दिसला की छातीच्या उजव्या बाजूला तारा लावून आणखी एक ईसीजी काढतात. तालुक्याच्या ठिकाणी स्ट्रेप्टोकायनेज, गुठळी विरघळवणारं ते जुनं औषध, चढवायला घेतलं तेव्हा नऊ वाजले होते. १५ लाख युनिट, तासाभरात सलाइनमधून. मध्येच रक्तदाब ८०वर आला, औषध हळू केलं, पाय वर केले, सलाइन वाढवलं. एवढं होऊन आप्पा दुसऱ्या दिवशी उठून बसले आणि सिस्टरकडे कडक भाकरी मागायला लागले.

"तुमचं काय झालं ओ साहेब? तुमी तर शेरातलं," असं त्यांनी मला विचारलं. मला उत्तर येत नव्हतं.

पुतणी भेटायला आली तेव्हा मी तिच्यापुढे दोन्ही आकडे ठेवले. ती हसली. "काका, तुम्ही फक्त वेळेचा रकाना भरलाय. आधी हे बघा, पणाला किती स्नायू लागला होता."

एलएडी डाव्या कप्प्याच्या जवळजवळ निम्म्या स्नायूला रक्त देते. माझी ती सुरुवातीलाच बंद पडली, म्हणजे पुढचा सगळा टापू, हृदयाच्या टोकापर्यंत, एकदम उपाशी. आप्पांची उजवी वाहिनी मुख्यतः खालची भिंत आणि उजवा कप्पा सांभाळते. डाव्या कप्प्यातला त्यांचा पणाला लागलेला वाटाच लहान. त्यातला मोठा भाग मेला असता तरी ईएफ माझ्याइतका खाली गेला नसता. एवढं ऐकल्यावरच माझी अर्धी चिडचिड उतरली. दोन वेगवेगळ्या भांडवलांवरचे तोटे मी टक्क्यांत मोजत बसलो होतो.

उरलेली अर्धी चिडचिड वेळेबद्दल होती. पावणेदोन तास म्हणजे लवकर नाही का? लवकरच. आपल्या देशातल्या २० हजारांहून जास्त रुग्णांची क्रिएट नावाची नोंदणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दुखायला लागल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यम वेळ ३६० मिनिटांचा होता. सहा तास. आप्पा अपवाद नाहीत, तेच सर्वसाधारण. पण लवकर आल्याचा हिशेब सरळ रेषेत चालत नाही, हे मला माहीत नव्हतं. १९७७ साली रायमर आणि जेनिंग्ज या अमेरिकी संशोधकांनी कुत्र्यांच्या हृदयावर केलेले प्रयोग पुतणीने सांगितले. वाहिनी ४० मिनिटं बंद ठेवून उघडली तर धोक्यातल्या स्नायूपैकी सुमारे ३८ टक्के मेलेला. तीन तासांनी ५७, सहा तासांनी ७१ टक्के. मृत्यू आतल्या थरापासून सुरू होतो आणि बाहेरच्या थराकडे सरकतो. पहिल्या तासाभरातच मोठा घास जातो, पुढची घसरण मंदावत जाते. म्हणून माझे पावणेदोन तास आणि आप्पांचे सात तास यांत सव्वापाच तासांचं अंतर असलं, तरी तेवढ्या पटीचा फरक पडत नाही. उलट पहिल्या तासातली वीस मिनिटं फार महाग. इटलीत ११,७१२ रुग्णांवर झालेला स्ट्रेप्टोकायनेजचा गिसी अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या तासाच्या आत औषध मिळालेल्यांत रुग्णालयातले मृत्यू ४७ टक्क्यांनी कमी दिसले. पुढच्या तासांत तो फायदा झपाट्याने आटतो. बारा तासांनंतर हे औषध सहसा देत नाहीत. शिवाय गुठळी जुनी झाली की घट्ट होते आणि औषधाला दाद देत नाही, हे दुहेरी नुकसान.

अटॅक आल्यावर "लवकर या" अशा पाट्या सगळीकडे असतात. लवकर म्हणजे किती, हे एकाही पाटीवर मी वाचलेलं नाही. दवाखान्याच्या पाटीवर "दुखायला लागलं की पहिल्या तासात" एवढं लिहायला काय हरकत आहे?

हृदयतज्ज्ञांनी मात्र मला एका वाक्यात जमिनीवर आणलं. "तुम्ही आप्पांच्या वेळेला आला असता, तर आज आपण ३८वर वाद घालत नसतो. २५च्या आसपास असतो, किंवा बोलायला तुम्ही नसता."

मग आप्पांच्या अँजिओग्राफीची गोष्ट. त्यांच्या डाव्या वाहिनीत रंग सोडला तेव्हा उजव्या वाहिनीचा शेपटाकडचा भाग मागून, बारीक धाग्यांसारख्या वाहिन्यांतून भरताना दिसला म्हणे. आप्पांना वर्षभर बांध चढताना छातीत भरून यायचं, थांबलं की जायचं. त्यांची उजवी वाहिनी हळूहळू अरुंद होत होती आणि त्या वर्षात शरीराने शेजारच्या वाहिन्यांकडून आडवाटा तयार केल्या होत्या. मुख्य रस्ता बंद पडला त्या पहाटे या आडवाटांनी थोडंफार रक्त पोचवलं. स्नायू जगायला तेवढं पुरतं. माझी वाहिनी आधी एवढी अरुंद नसावी. चरबीची गाठ फुटली, तिच्यावर गुठळी जमली आणि वाहिनी एकदम बंद. आडवाटा तयार व्हायला वेळच मिळाला नाही. मला आधी कधी दुखलं नव्हतं, याचं मी इतकी वर्षं कौतुक करत आलो होतो!

आप्पांना आणखी एक गोष्ट कामी आली असावी. आदल्या दिवशी त्यांना दोनदा थोडा थोडा वेळ दुखून थांबलं होतं. १९८६ साली कुत्र्यांवर असाही प्रयोग झाला होता: वाहिनी पाच-पाच मिनिटं चार वेळा बंद करून उघडली आणि मग ४० मिनिटं बंद ठेवली. स्नायूचं नुकसान तशी तयारी न केलेल्या कुत्र्यांच्या पाव पटीवर आलं. बंदीचा वेळ तीन तासांवर नेला तेव्हा मात्र हा फायदा दिसला नाही. थोडी थोडी उपासमार सोसलेला स्नायू मोठ्या उपासाला जास्त तग धरतो, पण त्यालाही मर्यादा आहे. माणसांतही अटॅकच्या आदल्या दिवसात छातीत दुखून गेलेल्यांमध्ये नुकसान कमी दिसलेलं आहे. याचा अर्थ आदल्या दिवशीचं दुखणं अंगावर काढावं असा कुणी काढला तर त्याला मी काय म्हणणार? त्या दिवशी ईसीजी काढला असता तर कदाचित अटॅकच टळला असता.

पलीकडच्या खाटेवर एक पस्तिशीतला मुलगा होता, रोज पाकीटभर सिगारेट ओढणारा. त्याची एसटी रेषा तासाभरात सपाट, ईएफ ५५. सिगारेट ओढणाऱ्यांत ही औषधं जास्त चांगली लागू पडतात असं जुन्या अभ्यासांत दिसलं होतं. पण ते रुग्ण वयाने लहान असतात आणि त्यांच्या वाहिनीत गुठळीच जास्त, चरबी कमी, एवढ्यावरच ते बरंचसं उलगडतं. त्याला पस्तिशीत इथे आणणारी वस्तू तीच होती, हे डॉक्टरांनी त्याच्या वडिलांसमोर सांगितलं.

माझ्या बाजूला आणखी एक नोंद होती. दाखल होतानाची साखर २८६. मला बारा-चौदा वर्षांचा मधुमेह आहे. अटॅकच्या वेळी साखर जास्त असलेल्यांत स्नायूचं नुकसान मोठं निघतं आणि बारीक वाहिन्यांत रक्त परत येण्यात अडथळा जास्त येतो. साखर याला कारण आहे की मोठ्या अटॅकच्या ताणाने ती वाढते म्हणून फक्त खूण आहे, यावर डॉक्टरांत एकमत नाही. पुतणीच्या मते दोन्ही. मीही दोन्ही रकान्यांत टाकून मोकळा झालो.

बारीक वाहिन्यांचा मुद्दा मला सगळ्यांत उशिरा कळला आणि तो माझ्या बाबतीत बहुधा सगळ्यांत मोठा. सोलापूरच्या माणसाला तो समजायला अवघड जाऊ नये. आपल्याकडे काही दिवसांआड पाणी येतं. टाकीवरचा व्हॉल्व्ह उघडला, मोठ्या लाइनला पाणी आलं, तरी टेलच्या गल्लीतल्या नळाला थेंब येत नाही. माझ्या एलएडीत स्टेंटनंतर प्रवाह तीन होता, पण त्याच चित्रफितीत स्नायूवर रंगाची जी झाक यायला हवी, ती पुसट होती. मोठी वाहिनी उघडलेली, पण तिच्यापुढच्या सुईहून बारीक वाहिन्या अडलेल्या. गुठळी विरघळताना तुकडे सुटून पुढे जाऊन अडकतात, आत सूज येते, वाहिन्यांच्या भिंती फुगतात, पेशी चिकटून बसतात. एसटी रेषा पूर्ण न उतरणं ही त्याचीच ईसीजीवरची सही.

त्यात आणखी एक विचित्र प्रकार. उपाशी स्नायूला रक्त परत मिळतं त्या पहिल्या काही मिनिटांत थोडं नुकसान त्या रक्तानेच होतं. पेशीत कॅल्शियम घुसतं, ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात, आणि कसाबसा जगलेला थोडा स्नायू तिथे मरतो. हे थांबवायला औषध शोधायचे प्रयत्न खूप झाले. सायक्लोस्पोरिनकडून मोठी आशा होती, पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. यावर सध्या तरी हातात काही नाही, असं हृदयतज्ज्ञांनी सरळ सांगितलं. एरवी डॉक्टर असं पटकन बोलत नाहीत, त्यामुळे मला ते आवडलं.

औषधातल्या फरकाचं काय? आप्पांचं स्ट्रेप्टोकायनेज जिवाणूपासून मिळवलेलं. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, म्हणून ते पुन्हा देत नाहीत. आप्पांच्या फाइलला तशी चिठ्ठी लावली आहे आणि त्यांच्या मुलाने तिचा फोटो फोनमध्ये ठेवला आहे. स्ट्रेप्टोकायनेजने वाहिनी पूर्ण उघडण्याचं प्रमाण टेनेक्टेप्लेसपेक्षा कमी. म्हणजे औषधाच्या रकान्यात मीच पुढे होतो. पण नुसतं औषध कधीच पुरत नाही. गुठळी विरघळताना रक्तातल्या चपट्या पेशी (प्लेटलेट) उलट जास्त चेकाळतात आणि वाहिनी पुन्हा बंद होऊ शकते; त्यांना आवरायला ॲस्पिरिन. १९८८ सालच्या आयसिस-२ अभ्यासात १७,१८७ रुग्ण होते. एकट्या ॲस्पिरिनने मृत्यू जवळजवळ तितकेच कमी झाले जितके एकट्या स्ट्रेप्टोकायनेजने, आणि दोन्ही मिळून ४२ टक्क्यांनी. काही पैशांची गोळी आणि हजारांचं इंजेक्शन एका तराजूत, हे वाचून माझ्यातला कॉस्टिंगवाला खूश झाला.

घरी सोडताना हृदयतज्ज्ञांनी बायकोला समोर बसवून सांगितलं, "वहिनी, ३८ हा शेवटचा आकडा धरू नका. जो स्नायू हलत नाही तो सगळा मेलेला नसतो. काही जिवंत आहे, पण थकून थांबलाय. त्याला काही आठवडे द्या." पहिल्या एकोत डाव्या कप्प्याच्या १७ भागांपैकी सात हलत नव्हते. त्यांतले किती मेलेले आणि किती थांबलेले, हे एमआरआयवर जास्त नेमकं दिसतं, पण एको पुन्हा करून काम भागणार होतं. टोकाकडचा भाग हलत नसल्यामुळे तिथे रक्त साचून आतच गुठळी धरायची भीती असते. ती सुटली तर थेट मेंदूत. म्हणून मला घरी सोडायच्या आधी एकदा एको फक्त तेवढ्यासाठी केला. गुठळी नव्हती.

गोळ्यांचा डबा मोठा झाला. रॅमिप्रिल अगदी कमी मात्रेपासून सुरू केली, मेलेल्या भागाच्या ताणाने कप्पा फुगत जाऊ नये म्हणून. मात्रा वाढवली की पहिले दोन-तीन दिवस उठताना गरगरायचं. मेटोप्रोलॉलने ठोके साठच्या घरात आणले. साखरेच्या गोळ्यांत डॅपाग्लिफ्लोझिनची भर पडली, ती हृदयालाही कामी येते म्हणून. कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन ८०. शेंगदाण्याची चटणी सुटली नाही, पण तेल घालून खायची सुटली. चालणं आधी घरातल्या घरात, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग सकाळी ऊन चढायच्या आत पार्क मैदानाला फेऱ्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४३-४४वर जातो. रॅमिप्रिल चालू असताना अंगातलं पाणी कमी झालं की रक्तदाब पडतो, तेव्हा तेवढे दिवस डॉक्टरांना विचारून मात्रा सांभाळली.

उन्हाळ्यात दुसरा एको झाला. ईएफ ४७. सातपैकी तीन भाग पुन्हा हलायला लागले होते. टोक आणि त्याच्या वरचा थोडा भाग गेला तो गेला, तिथे आता पातळ व्रण आहे.

हृदयतज्ज्ञांनी फाइलवरची एक ओळ खोडली. अटॅकनंतर निदान ४० दिवस आणि स्टेंट बसवला असेल तर तीन महिने औषधं घेऊनही ईएफ ३५ किंवा त्याखालीच राहिला, तर ठोक्याची घातक गडबड झाल्यावर झटका देणारं यंत्र, आयसीडी, छातीत बसवायचा विचार करतात. पहिल्या आठवड्यात त्यांनी ते पेन्सिलने लिहून ठेवलं होतं, आम्हाला सांगितलं नव्हतं. आता त्यांना काळजी माझ्या कोलेस्टेरॉलची आहे. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५५च्या खाली हवं, माझं ७८ आहे. त्यासाठी एझेटिमाइबची आणखी एक गोळी दिली आहे आणि सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायला बोलावलं आहे.